कळते, पण वळत नाही! अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या ताटाची गोष्ट

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या मार्केट यार्डातले एक आडते सपत्नीक दवाखान्यात आले. वय बावन्न, वजन ९४ किलो, रक्तदाब १६०/१००, रक्तातली साखर वाढलेली. मी माझे नेहमीचे पुराण सुरू केले. मीठ कमी करा, तळलेले बंद करा, जेवणात भाजी वाढवा, रोज अर्धा तास चाला. शेठजींनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "डॉक्टर, हे मोठ्या माणसांना जमतं. ज्यांच्या दाराशी डॉक्टर उभा असतो आणि घरात पगारी आचारी असतो, त्यांनी पथ्यं पाळावीत. आम्ही पहाटे लिलावाला उभे राहणार. मिळेल तिथं, मिळेल ते खाणार."

त्यांच्या शेजारी वहिनी बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. पण हे वाक्य त्यांना नवीन नसावे, असे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसले.

वाचकहो, शेठजींचा युक्तिवाद तुम्हालाही पटेल. मलाही पूर्वी पटायचा. पण खरोखरच डॉक्टर आणि आचारी दिमतीला असले म्हणजे माणूस पथ्याने खातो का? याचे उत्तर शोधायला जगातले एक घर फार सोयीचे आहे. ते म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचे व्हाइट हाऊस. तिथे डॉक्टर आहेत, आचारी आहेत आणि अध्यक्षाने काय खाल्ले, त्याचे वजन किती, रक्तदाब किती याची नोंदही आहे. माझी मुलगी आणि जावई व्हर्जिनिया राज्यात राहतात. त्यांच्याकडे गेलो असताना एका अध्यक्षाचा भाजीमळा पाहण्यात आला आणि तेव्हापासून मला या विषयाचा छंदच लागला. आज त्यातल्याच काही गोष्टी सांगतो.

हजार फुटांचा मळा

मी पाहिलेला मळा थॉमस जेफर्सन यांचा. हे अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष. १८०१ ते १८०९ ही त्यांची कारकीर्द. शार्लट्सव्हिल गावाजवळच्या टेकडीवर त्यांचे माँटिसेलो नावाचे घर आहे. घराच्या दक्षिणेला उतार कापून, दगडी बांध घालून केलेली हजार फूट लांबीची सपाट पट्टी आहे. तोच हा मळा. तिथे जेफर्सन यांच्या काळात तीनशेहून अधिक वाणांच्या भाज्या आणि औषधी वनस्पती लावून पाहिल्या गेल्या. मी वाफ्यांमधून चालत होतो तो काय, समोर भेंडी! पुढे वांगी, मग टोमॅटो. तेलासाठी तीळसुद्धा त्यांनी लावून पाहिले होते. साता समुद्रापार आल्यासारखे वाटेचना.

जेफर्सन यांची सर्वांत आवडती भाजी मटार. शेजाऱ्यापाजाऱ्यांत दरवर्षी पैज लागे. ज्याचा मटार सर्वांत आधी तयार होईल, त्याने बाकीच्यांना जेवायला बोलवायचे. अध्यक्ष असताना त्यांनी वॉशिंग्टनच्या बाजारात कोणती भाजी पहिल्यांदा कधी येते आणि शेवटची कधी दिसते, याचा तक्ताच करून ठेवला होता. आमच्या शेठजींना हा माणूस नक्की आवडला असता.

पण आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्यांनी १८१९ साली एका डॉक्टरांना लिहिलेले पत्र. त्या वेळी ते पंचाहत्तरीत होते. त्यांनी लिहिले की आपण मांस फार थोडे खातो आणि तेही पोट भरण्यासाठी नव्हे, तर भाज्यांना चव येण्यापुरते. आपल्या भाषेत सांगायचे तर भाजी हे जेवण आणि मांस हे तोंडी लावणे. जेफर्सन ८३ वर्षे जगले. त्या काळी ना रक्तदाबाची गोळी होती, ना जंतूंची कल्पना. त्यांचे आयुष्य केवळ भाजीमुळे वाढले असे मी म्हणणार नाही, एका माणसावरून शास्त्र सिद्ध होत नाही. मात्र आज आम्ही डॉक्टर जे ताट सांगतो, ते त्यांनी दोनशे वर्षांपूर्वी स्वतःसाठी निवडले होते.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. हा मळा खणला, उतार कापला, बांध घातला तो गुलामांनी. जेफर्सन यांच्या मालकीत आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलाम होते. त्यांच्या स्वयंपाकघरातला जेम्स हेमिंग्ज हा पॅरिसला जाऊन फ्रेंच पाककला शिकून आला, पण होता तो गुलामच. १७९६ साली त्याला मुक्ती मिळाली. माँटिसेलोला गेल्यावर ही माहितीही आवर्जून सांगतात, हे मला योग्य वाटले. मोठ्या माणसाचे सगळेच अनुकरणीय नसते. घ्यायचे ते ताट घ्यावे.

पत्रातून आलेले पथ्य

आता दुसऱ्या टोकाचे गृहस्थ पाहू. विल्यम हॉवर्ड टॅफ्ट हे १९०९ ते १९१३ या काळात अध्यक्ष होते. त्याआधी ते युद्धमंत्री असताना, १९०५ साली, त्यांचे वजन ३१४ पौंड, म्हणजे सुमारे १४२ किलो होते. त्यांनी लंडनच्या यॉर्क-डेव्हिस नावाच्या डॉक्टरांना पत्र लिहिले. डॉक्टरांनी टपालाने पथ्याचा कागद पाठवला. चरबी नसलेले मांस, शिजवलेल्या भाज्या, साधी कोशिंबीर, साखरेविना फळे. शिवाय रोज वजन करायचे आणि दर आठवड्याला पत्राने कळवायचे. टॅफ्ट यांनी ते इमाने इतबारे केले. काही महिन्यांतच, १९०६ च्या एप्रिलपर्यंत, वजन २५५ पौंडांवर, म्हणजे ११६ किलोंवर आले.

इथपर्यंत कथा गोड आहे. पण १९०९ मध्ये अध्यक्षपदाची शपथ घेताना हेच वजन ३५४ पौंड, म्हणजे १६० किलो झालेले होते! जेवढे घटवले त्याहून कितीतरी अधिक परत आले. दिवसा चारचौघांत बसल्या बसल्या त्यांना झोप लागे. एवढे वजन, रात्रीचे घोरणे आणि दिवसाची ही झोप, ही लक्षणे एकत्र पाहिली की आजचा डॉक्टर झोपेत श्वास अडखळण्याच्या विकाराची शंका घेतो. तुमच्या घरातले कोणी जाड असेल, मोठ्याने घोरत असेल आणि दुपारी बोलता बोलता पेंगत असेल, तर हसण्यावारी नेऊ नका. तपासून घ्या.

मला टॅफ्ट यांच्याविषयी आदर वाटतो तो पुढच्या भागासाठी. अध्यक्षपद गेल्यावर वर्षभराच्या आत त्यांनी सुमारे ७० पौंड, म्हणजे ३२ किलो वजन पुन्हा उतरवले आणि या वेळी ते बऱ्यापैकी टिकवले. पुढे ते अमेरिकेचे सरन्यायाधीश झाले. तेव्हा घरून न्यायालयात चालत जाण्याचा त्यांचा परिपाठ होता. ७२ व्या वर्षी, १९३० साली ते वारले. एकदा पथ्य मोडले म्हणजे सगळे संपले असे नव्हे, हे त्यांच्याकडून शिकावे. माझ्याकडे येणारे अनेक जण "डॉक्टर, मागच्या वेळी वजन कमी केलं होतं, परत वाढलं, आता काय उपयोग" असे म्हणतात. त्यांना मी टॅफ्टसाहेबांची गोष्ट सांगतो.

गोळी नव्हती तेव्हाची गोष्ट

रक्तदाबाचे पेशंट मला हमखास सांगतात, "मला काही होत नाही, मग गोळी कशाला?" त्यांनी फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे शेवटचे वर्ष जाणून घ्यावे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे सुकाणू याच अध्यक्षांच्या हातात होते. १९४१ मध्येच त्यांच्या रक्तदाबाची नोंद १८८/१०५ अशी होती. १९४४ च्या मार्चमध्ये हॉवर्ड ब्रुएन या तरुण हृदयरोगतज्ज्ञाने त्यांना तपासले तेव्हा रक्तदाब १८६/१०८ होता आणि हृदयाचा पंप थकलेला होता. डॉ. ब्रुएन यांच्यापाशी उपाय तरी कोणते होते? हृदयासाठी डिजिटॅलिस, जेवणात मीठ कमी, वजन कमी आणि विश्रांती. रक्तदाब खात्रीने उतरवणारी गोळी तेव्हा जगात कोणापाशीच नव्हती. १२ एप्रिल १९४५ रोजी रूझवेल्ट यांचे डोके एकाएकी असह्य दुखू लागले आणि ते कोसळले. रक्तदाब ३००/१९० होता. मेंदूत रक्तस्राव झाला होता. वय अवघे ६३.

त्यानंतर तीन वर्षांनी, १९४८ साली, अमेरिकेत फ्रेमिंगहॅम नावाच्या गावात हजारो निरोगी लोकांची वर्षानुवर्षे तपासणी सुरू झाली. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध जगाला पटला तो मुख्यतः त्या अभ्यासामुळे. आणि आज? जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाला १९४५ साली जी गोळी मिळाली नाही, तशी गोळी आपल्याकडे सरकारी दवाखान्यातही मिळते. ती घरात आणून फडताळात ठेवायची आणि घ्यायची नाही, याला काय म्हणावे?

मिठाचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. पाच ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. त्यात भाजी-आमटीतले मीठ आले, तसेच लोणचे, पापड, ठेचा, फरसाण आणि ताटात डाव्या बाजूला वाढलेले मीठही आले.

कांदा बाधला म्हणे!

आता जी गोष्ट सांगणार आहे, ती माझ्या फार जवळची आहे. १९५५ सालच्या सप्टेंबरमध्ये अध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर डेन्व्हर येथे सुट्टीवर होते. युरोपात दोस्तांच्या फौजांचे नेतृत्व केलेले हे सेनापती. त्यांना स्वतःला स्वयंपाकाची भारी हौस. त्यांचे भाज्यांचे सूप प्रसिद्ध होते. ते करायला त्यांना चांगले दोन दिवस लागत. मांसाचे जाड तुकडे ते थेट निखाऱ्यावर टाकून भाजत. लहानपणी कॅन्सस राज्यातल्या ॲबिलीन गावी या भावंडांनी स्वतः भाजी पिकवून ती दारोदार विकली होती. सैन्यात असताना ते दिवसाला चार पाकिटे सिगारेट ओढत. १९४९ साली डॉक्टरांनी सांगितल्यावर त्यांनी ती एका झटक्यात सोडली.

२३ सप्टेंबरला त्यांनी गोल्फचे १८ खड्डे पूर्ण केले. जेवणात हॅम्बर्गर आणि कच्चा कांदा खाल्ला आणि पुन्हा नऊ खड्डे खेळले. पोटात कसेसेच होऊ लागले. कांदा बाधला, असे ते म्हणाले. रात्री दीड-दोनच्या सुमारास छातीत दुखून जाग आली. पत्नीने अपचनावरचे औषध दिले आणि खासगी डॉक्टरांना बोलावले. सकाळी बातमीदारांना सांगितले गेले की अध्यक्षांचे पोट बिघडले आहे. हृदयाचा आलेख काढला गेला तेव्हा दुपारचा एक वाजत आला होता. तो हार्ट ॲटॅक निघाला. सोमवारी न्यूयॉर्कचा शेअर बाजार एका दिवसात सहा टक्क्यांहून अधिक घसरला.

वाचकहो, हे वाचून त्या डॉक्टरांना हसू नका. काही वर्षांपूर्वी मी स्वतः हेच केले आहे. नात्यातले लग्न होते. पंगतीत आग्रह झाला, मठ्ठा-जिलेबी झाली. रात्री छातीच्या मध्यभागी जडपणा, जबडा आवळल्यासारखा, कपाळावर घाम. इतर कोणी पेशंट असता तर मी त्याला क्षणात इस्पितळात धाडले असते. स्वतःसाठी मात्र ॲसिडिटीचे औषध घेतले, वर सोडा प्यालो आणि अंगणात फेऱ्या मारत बसलो. दोन तास. शेवटी आमची सौ. म्हणाली, "पेशंटला काय सांगता ते आठवा आणि गाडीत बसा." आलेख काढला. हृदयाची एक रक्तवाहिनी बंद होती. वेळेत अँजिओप्लास्टी झाली म्हणून आज हे सदर लिहितो आहे. तीस वर्षांची प्रॅक्टिस आणि दोन तासांचा मूर्खपणा! त्या दोन तासांत हृदयाचा जो भाग कायमचा दुबळा झाला, तो काही परत आला नाही. जिना चढताना मला त्याची आठवण होते.

म्हणून पुन्हा सांगतो. छातीत दडपण, डाव्या हातात, खांद्यात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, धाप, मळमळ यांपैकी काही झाले आणि ते पाच-दहा मिनिटांत थांबले नाही, तर त्याला गॅस म्हणू नका. मधुमेही माणसाला आणि बायकांना कधी कधी नुसती धाप किंवा गळाठा एवढेच जाणवते. १०८ क्रमांकाला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने जिथे आलेख काढता येतो तिथे पोहोचा. स्वतः गाडी चालवू नका. गॅस निघाला तर आनंदच आहे, लाज कसली?

आयझेनहॉवर यांच्यावर उपचार करायला बोस्टनहून डॉ. पॉल डडली व्हाइट आले. त्यांनी बातमीदारांपुढे उभे राहून हृदयविकार म्हणजे काय हे साऱ्या देशाला समजावून सांगितले. हार्ट ॲटॅक आला म्हणजे माणूस कायमचा अंथरुणाला खिळला, असे तेव्हा मानत. डॉ. व्हाइट यांनी बेताने हालचाल आणि पुढे कामही करावे असा सल्ला दिला. सात आठवड्यांनी अध्यक्ष इस्पितळातून बाहेर आले. पुढच्या वर्षी पुन्हा निवडूनही आले. ७८ व्या वर्षी, १९६९ साली त्यांचे निधन झाले.

स्वयंपाकीणबाईंची चिठ्ठी

त्याच १९५५ च्या उन्हाळ्यात, जुलैच्या २ तारखेला, आणखी एका बड्या पुढाऱ्याला हार्ट ॲटॅक आला होता. ते लिंडन जॉन्सन. तेव्हा सिनेटमध्ये आपल्या पक्षाचे नेते, पुढे १९६३ ते १९६९ या काळात अध्यक्ष. वय फक्त ४६. दिवसाला साठ सिगारेटी, अवेळी खाणे आणि टेक्सासचे चमचमीत मांसाहारी जेवण. दुखण्यानंतर त्यांनी सिगारेट सोडली आणि वजन उतरवले. त्यांच्या घरची मिरची घातलेली मांसाची रसभाजी प्रसिद्ध होती. तीसुद्धा गोमांसाची चरबी टाळून हरणाच्या मांसाची होऊ लागली.

त्यांच्या स्वयंपाकीण होत्या झेफिर राइट. कृष्णवर्णीय, अत्यंत हुशार आणि स्पष्टवक्त्या. व्हाइट हाऊसमध्येही त्या जॉन्सन यांच्याबरोबर गेल्या. एकदा त्यांनी अध्यक्षांच्या ताटाशी चिठ्ठी ठेवली. आशय असा: तुम्ही इतकी वर्षे माझे साहेब आहात. वजन कमी करायचे म्हणता, पण स्वतः काही करत नाही. आता मी तुमची साहेब. पुढे वाढीन ते खा, आणखी मागू नका आणि तक्रार करू नका. जॉन्सन यांना ही चिठ्ठी इतकी आवडली की ते ती लोकांना दाखवत.

पण चिठ्ठी कौतुकाने दाखवणे वेगळे आणि पाळणे वेगळे. १९६९ च्या जानेवारीत अध्यक्षपद सोडल्यावर जॉन्सन यांनी पुन्हा सिगारेट पेटवली. खाण्यावरचा लगामही सुटला. १९७२ मध्ये ते मुलीकडे गेले असताना पुन्हा मोठा झटका आला. ते गाव शार्लट्सव्हिल, म्हणजे जेफर्सन यांच्या मळ्यापासून काही मैलांवर! २२ जानेवारी १९७३ रोजी, ६४ व्या वर्षी ते गेले. डॉक्टर होते, स्वयंपाकीण होती, एकदा मृत्यू उंबऱ्यापर्यंत येऊन गेलेला होता. सगळे कळत होते. वळले नाही.

चार बायपास, दोन स्टेंट आणि मग डाळ

अलीकडचे उदाहरण बिल क्लिंटन यांचे. १९९३ ते २००१ ही त्यांची कारकीर्द. ते रोज धावायला जात आणि धावता धावता मॅकडोनाल्डमध्ये थांबून खात. दूरदर्शनवर त्याची टिंगलही होत असे. धावतो म्हणजे काहीही खाल्ले तरी चालते, हा समज आपल्या सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींतही आहे. फेरी संपली की कोपऱ्यावर गरम भजी असतातच! २००४ साली, ५८ व्या वर्षी, क्लिंटन यांच्यावर चार रक्तवाहिन्यांची बायपास शस्त्रक्रिया झाली. २०१० मध्ये पुन्हा दोन स्टेंट बसवावे लागले. त्यानंतर मात्र त्यांनी मांस, दूध, अंडी सोडून कडधान्ये, भाज्या आणि फळे यांवर भर दिला आणि वीस पौंडांहून अधिक वजन उतरवले. सगळ्यांनीच दूध सोडावे असे मी सांगत नाही. पण जगातली उत्तमोत्तम पक्वान्ने खाल्लेला माणूस शेवटी मटकी-वाटाण्याच्या जातकुळीवर आला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

सगळेच अध्यक्ष भाजीशी गोडीने वागले असेही नाही. थोरले जॉर्ज बुश यांनी १९९० साली जाहीर केले की आई लहानपणी ब्रोकोली खायला लावायची, आता मी अध्यक्ष आहे आणि मी ती खाणार नाही! शेतकऱ्यांनी रागाने गाडी भरून ब्रोकोली पाठवून दिली. बुश ९४ वर्षे जगले हे खरे. तेव्हा एखादी भाजी आवडली नाही तर बिघडत नाही. सगळ्याच भाज्या नावडत्या होतात तेव्हा बिघडते.

बागेचे औषध

व्हाइट हाऊसमध्ये राहायला गेलेले पहिले अध्यक्ष जॉन ॲडम्स. त्यांनी १८०० साली तिथे भाजीमळ्याची आखणी करवली, पण निवडणूक हरल्यामुळे तिथली भाजी त्यांच्या ताटात आली नाही. महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, एलेनॉर रूझवेल्ट यांनी तिथे भाजी लावली. त्या काळात अमेरिकेत अंगणांतून, शाळांतून अशा लक्षावधी युद्धबागा फुलल्या होत्या. त्यानंतर थेट २००९ च्या मार्चमध्ये मिशेल ओबामा यांनी शाळेच्या मुलांना बरोबर घेऊन व्हाइट हाऊसच्या हिरवळीवर कुदळ मारली. सुरुवातीला ११०० चौरस फूट जागा होती. तिचा एक तुकडा जेफर्सन यांच्या मळ्यातल्या बियाण्यांसाठी राखला होता. बीट मात्र लावले नाही, कारण बराक ओबामांना ते आवडत नाही.

या बागेचा खरा उपयोग मुलांना झाला. जे मूल स्वतः मुळा उपटते, ते तो खाऊन पाहते. माझ्या नातवाचे हेच आहे. ताटातली पालेभाजी तो बाजूला सारतो, पण गच्चीवरच्या डब्यातली मेथी स्वतः खुडली की चाखून पाहतो. बागकामात वाकणे, उठणे, पाणी घालणे होते. उन्हात अंग हलते. जागा नसेल तर जुना डबा, फुटकी बादली, खताची गोणी चालते. मेथी, कोथिंबीर महिन्याभरात हाताशी येते. परसात जागा असेल तर एक शेवगा लावा. खरे सांगायचे तर डब्यातल्या मेथीने घरचे पोट भरत नाही. पण रोज तिच्याशी चार मिनिटे काढली की बाजारात गेल्यावर हात आपोआप भाजीच्या ढिगाकडे जातो.

फळे आणि भाज्या मिळून माणशी दिवसाला किमान चारशे ग्रॅम पोटात जावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. त्यात बटाटा धरायचा नाही. म्हणजे दोन्ही वेळच्या जेवणात वाटीभर भाजी, कोशिंबीर आणि दिवसाकाठी एखादे-दोन पेरू, केळी किंवा त्या हंगामातले स्वस्त फळ. मधुमेह असेल तर फळ कोणते आणि किती, हे डॉक्टरांना विचारून ठरवावे.

असो. ही सगळी कहाणी मी त्या दिवशी शेठजींना थोडक्यात सांगितली. "डॉक्टर दाराशी होता, आचारी घरात होता, तरी जॉन्सनसाहेब चौसष्टाव्या वर्षी गेले. आणि पत्रावर पथ्य मागवणाऱ्या टॅफ्टसाहेबांनी पडत-उठत का होईना वजन उतरवलं. तुमच्या ताटातला घास कोण उचलतं, मी की तुम्ही?" असे विचारले. शेठजी हसले. वहिनींनी मात्र स्वयंपाकीणबाईंच्या चिठ्ठीची गोष्ट मला पुन्हा सांगायला लावली.

तीन महिन्यांनी ती दोघे परत आली. डब्यावर रोज चिठ्ठी असते, असे शेठजींनी तक्रारीच्या सुरात सांगितले. लिलावाच्या जागी आता घरून ज्वारीची भाकरी, उसळ आणि काकडी जाते. गोळी चुकत नाही. रक्तदाब १३८/८६ होता. वजन फक्त तीन किलो उतरले होते आणि साखर अजून हवी तशी नव्हती. "एवढंच?" शेठजी नाराजीने म्हणाले. मी म्हटले, "वाढायला वीस वर्षं लागली, उतरायला तीन महिने कसे पुरतील?"

तुमच्याही घरी रक्तदाबाची गोळी फडताळात पडून असेल तर आज रात्रीपासून ती सुरू करण्याविषयी आपल्या डॉक्टरांशी बोला. आणि ताटातल्या डाव्या बाजूच्या मिठाला उद्यापासून सुट्टी द्या. पुढच्या आठवड्यात या मिठाविषयीच सविस्तर पाहू.